कंकूसाठी कमोड

६ जानेवारी, सोमवार

कंकूला काल राजकोटच्या इस्पितळातून सोडलं, पण घरी आणलं नाही. ती वढवाणला आहे, आमच्या लेकीकडे, दक्षाकडे. पडून मोडलेलं खुब्याचं हाड बसवलंय, जखम भरत आलीय, वॉकर धरून दहा पावलं चालतेसुद्धा. पण डॉक्टरने बजावलंय, आता जन्मात उकिडवं बसायचं नाही. आणि आमच्या संडासात उकिडवं बसायचंच भांडं आहे, मीच सत्त्याऐंशी साली आणलेलं, एका कोपऱ्याला टवका उडालेलं.

म्हणजे बघा, गल्लोगल्ली कमोडचे कारखाने असलेल्या थानगढात राहून, एकतीस वर्षं कारखान्यात कमोड तपासून, वालजी प्रजापतीच्या घरात कमोड नाही. माझं मलाच हसू आलं. नंतर लाज वाटली.

रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी दिवस संपला की हात वहीकडे जातो. रोजचा अहवाल लिहायची सवय. भट्टीतून निघालेला प्रत्येक नग लाकडी हातोडीने ठोकायचा आणि ऐकायचं, हे माझं काम. नग अखंड असेल तर टण्ण वाजतो. पोटात केसाएवढी भेग असेल तर थप्प. डोळ्याला न दिसणारी भेग मी कानाने पकडायचो. ‘वालजीभाईंनी पास केलाय’ म्हटलं की मालकसुद्धा पुन्हा बघायचे नाहीत.

निघताना कंकूला शब्द दिला, आठ दिवसांत कमोड बसवतो आणि तुला घरी नेतो. सेकंडचा माल नाही, एकदम अव्वल, माझ्या कानाने पास केलेला. ती काहीतरी म्हणाली. ऑपरेशनपासून फार हळू बोलते बिचारी.

८ जानेवारी, बुधवार

उस्मानच्या आवारात गेलो. हा आमच्याच कारखान्यात भट्टीवर होता, आता स्टेशनरोडला कमोड, बेसिन विकतो. उन्हात चाळीसेक कमोड ओळीने मांडलेले. माझी जुनी हातोडी घेऊनच गेलो होतो. सहा ठोकले. सहाही नापास.

‘काय रे, कुठून उचलतोस हा माल?’ मी विचारलं.

‘तुमच्याच कारखान्यातून, चेकरसाहेब.’

‘तरीच. मी सुटलो आणि कारखाना बसला.’

उस्मानने एका कमोडवरची धूळ पुसली. मग म्हणाला, ‘भाभींना बसायलाच हवाय ना? की देवळात टांगायचाय?’ त्याच्या तोंडात सदा तंबाखूचा मावा असतो, निम्मं कळतच नाही, पण हे नेमकं कळलं. मी म्हटलं, मी आयुष्यभर परक्यांना फुटका माल दिला नाही, बायकोला देऊ? तो मान हलवत चहा सांगायला गेला.

१० जानेवारी, शुक्रवार

आज खुद्द आपल्या कारखान्यात. माझ्या जागेवर आता जलपा नावाची मुलगी आहे, शिकलेली, कामाला चपळ. तिने हातोडी मारली, पास. मी मारली, थप्प. म्हटलं, ‘बेटा, हा काय पास केलास?’

‘काका, छान वाजतोय की.’

‘हे छान? लग्नात काशाचं ताट वाजतं ना, तसं वाजायला हवं.’

तिने पुन्हा मारली. माझ्याकडे बघितलं, मग पलीकडे उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे बघितलं. तो मान खाली घालून नोंदवही चाळायला लागला. मला काय कळायचं ते कळलं. वरून दबाव असणार, फुटका माल पास करा म्हणून. पोरीचा काय दोष? मी तिला चार गोष्टी सांगितल्या. कान कसा द्यायचा, आधी श्वास कसा रोखायचा. ती ‘हो काका, हो काका’ म्हणत राहिली. मुलगी गुणी आहे, पण कान तयार व्हायला वेळ लागेल.

आजपर्यंत एकोणीस पाहिले. पास एकही नाही.

१२ जानेवारी, रविवार

वढवाणला जाऊन आलो. बाजरीचं पीठ, तूप, गूळ, सगळं घरून नेलं. लेकीच्या घरचं अन्न फुकट खायचं नाही, ही आमची जुनी रीत. दक्षा चिडते. ‘बापू, आमच्याकडे काय दुष्काळ पडलाय?’ पण कंकूच्या घशाखाली घास तरी उतरेल.

कंकू वाळली आहे. दक्षा म्हणाली, ‘बा पाणीच पीत नाही. प्यायलं की जावं लागतं आणि यांच्या देखत जायची तिला लाज वाटते.’ हे म्हणजे आमचे जावई, महेंद्रकुमार. माणूस सोन्यासारखा. पण संडास बैठकीच्या खोलीला लागून आहे, आणि या बाईने एक्केचाळीस वर्षांत माझ्या देखत कधी संडासाची वाट धरली नाही. पहाटे माझ्या आधी उठून सगळं उरकायची. जावयासमोर वॉकर खडखडवत कशी जाईल?

मी तिच्या खाटेवर बसलो. म्हटलं, ‘पाणी पी.’

ती काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, ‘मोठ्याने बोल.’ तिने माझा हात धरला, जवळ ओढलं आणि म्हणाली, ‘मला घरी न्या.’

‘चांगला कमोड मिळत नाहीये गं.’

‘थानमध्ये?’

बसने परत आलो.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. पतंग भरपूर, पण पूर्वीची मजा नाही. पूर्वी पतंग कापला की गच्च्यांवरून असा गलका उठायचा की गाई उधळायच्या. आजची पोरं तोंडं हलवतात, उड्या मारतात, आवाज म्हणून नाही. सगळी मोबाइलने मऊ करून टाकली आहेत.

देवळात गेलो तर घंटाही चिरलेली. पुजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तीच आहे, चाळीस वर्षांपूर्वीची. म्हटलं, चाळीस वर्षांत चिरली असेल.

१५ जानेवारी, बुधवार

खिचडी तिसऱ्यांदा करपली. कुकरची शिट्टी गेल्या महिन्यात बदलली, हीसुद्धा फुसकीच निघाली. कंकू होती तेव्हा तीच बघायची.

दक्षाचा फोन. माठात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज. डॉक्टरने काहीतरी उंचीचं सांगितलंय म्हणत होती. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर उस्मानला सांगून बरा मोबाइल घ्यायला हवा.

१८ जानेवारी, शनिवार

जेसिंग प्लंबरला बोलावलं. कमोड नसला म्हणून काय झालं, निदान जागा तरी तयार. त्याने आल्या आल्या विचारलं, कमोडचं पाणी खाली जमिनीत सोडायचं की मागे भिंतीतून. मी म्हटलं, तू मला शिकवतोस? जमिनीतून. मग त्याने जुनं भांडं फोडलं. सदतीस वर्षांचं भांडं दोन घावांत गेलं.

मी तिथेच मागे उभा होतो. एक ढलपी उडून माझ्या नडगीला लागली. जेसिंग म्हणतो, ‘काका, तीनदा ओरडलो, बाजूला व्हा म्हणून.’ साफ खोटं. ओरडायचं असतं तर ऐकू आलं नसतं? हल्लीचे कारागीर काम करतात, पण सांगायची पद्धत नाही.

आता घरात संडासच नाही. सकाळी उस्मानच्या आवारात जावं लागणार. चाळीस कमोडांच्या ओळीतून डबा घेऊन मागच्या संडासात जायचं, वालजी प्रजापतीने. कोणाला सांगू नका.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी उस्मानकडे जाऊन आल्यावर त्याने नवा आलेला माल दाखवला. नऊ ठोकले, नऊ नापास. उस्मानने एकदाही हुज्जत घातली नाही. मी थप्प म्हटलं की तोही थप्प म्हणतो. पूर्वी हा माणूस भट्टीवरून माझ्याशी तासतास भांडायचा. म्हातारा झाला की माणूस समजूतदार होतो.

२२ जानेवारी, बुधवार

कंकूला ताप. एकशे दोन. पाणी न पिऊन लघवीत जंतू झालेत. दक्षाने फोन केला, मला काही कळेना, शेवटी महेंद्रकुमारांनी लिहून मेसेज पाठवला. पहिल्या बसने गेलो. तिला सलाइन लावलेलं, डोळे मिटलेले. माझ्या हट्टापायी ही अशी पडली. मी अठ्ठावीस कमोड नापास करत बसलो आणि ती पाण्याचे घोट मोजत पडून राहिली. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. लाज कसली त्यात?

२४ जानेवारी, शुक्रवार

ताप उतरला. कंकू उठून बसली. महेंद्रकुमारांनी काय केलं असेल? संडासाच्या दारापुढे जाड पडदा लावला आणि दुपारी चार तास दुकानात जाऊन बसायला लागले. सांगितलं काहीच नाही. अशा माणसाला काय द्यावं?

मी म्हटलं, ‘उद्या जो दिसेल तो कमोड आणतो.’

कंकू म्हणाली, ‘मी येते बघायला.’

‘तू कशाला? तुला काय कळतंय त्यातलं?’

यावर ती आणि दक्षा दोघी हसल्या. दक्षा माझ्या अगदी समोर येऊन म्हणाली, ‘बापू, बसायचं कोणाला आहे?’

खरंच की. तीन आठवड्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

महेंद्रकुमारांच्या गाडीतून कंकू आणि दक्षा थेट उस्मानच्या आवारात आल्या. उस्मानने माणसांना बाहेर पिटाळलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ‘भाभी, मी नाही बघत, तुम्ही निवांत बसा.’ महेंद्रकुमार गाडीतच थांबले.

कंकूने पदर खोचला, वॉकर बाजूला केला आणि पहिल्या कमोडवर झाकणासकट बसली. गुडघे छातीशी आले. मी आणि दक्षाने दोन्हीकडून धरून उठवली. दुसऱ्यावरही तेच. दक्षा म्हणाली, ‘बापू, मी फोनवर सांगितलं होतं ना? बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला पाहिजे. उंच हवाय.’ मी जे अठ्ठावीस ठोकले होते त्यातला एकही उंच नव्हता. म्हणजे पास झाला असता तरी उपयोग शून्य.

ओळीच्या शेवटी एक उंच होता, साधा, पांढरा. कंकू त्यावर खाटेवर बसावं तशी बसली. पाय जमिनीला नीट टेकले. मग कोणाचा हात न धरता, फक्त वॉकरवर भार देऊन उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. तिचा चेहरा एवढा खुलला होता की मला आमचं लग्न आठवलं. म्हणाली, ‘हा.’

मी हातोडी काढली. ठोकला. थप्प.

‘फुटका आहे,’ मी म्हटलं.

कंकू माझ्याकडे बघत राहिली. ‘फुटका? देवळाच्या घंटेसारखा वाजला की.’

मी उस्मानकडे बघितलं. तो अजून भिंतीकडेच तोंड करून होता, पण मान खाली गेली होती. दक्षाकडे बघितलं, तिने ओठ दाबून धरले होते. मी पुन्हा ठोकला. थप्प. पुन्हा ठोकला. पुन्हा. शेवटी कंकूने माझं मनगट धरलं. ‘पुरे. आता खरंच फुटेल.’

मी विचारलं, ‘वाजतोय?’

‘वाजतोय.’

‘मोठ्याने?’

‘त्या पलीकडच्या कुत्र्याने मान वर केली.’

मी कमोडांच्या मधे जमिनीवर बसलो. कोणी काही बोलत नव्हतं, किंवा बोलत असतील. जेसिंगने तीनदा हाक मारली होती. कुकर शिट्ट्या देत होता. पोरं ओरडत होती. जलपा खरं बोलत होती आणि मी तिला कान द्यायला शिकवून आलो.

उस्मान येऊन शेजारी बसला. मावा थुंकला होता. म्हणाला, ‘तीन वर्षं झाली, वालजीभाई.’

‘आणि तू सांगितलं नाहीस?’

‘दुसरं काहीही सांगितलं असतं. तुम्हाला कानाचं कसं सांगणार?’

२८ जानेवारी, मंगळवार

रात्रभर एकच विचार. उस्मान म्हणतो तीन वर्षं. त्याच्या आधीचं कोणी मोजलंय? शेवटच्या शेवटच्या वर्षांत मी नापास केले आणि माझ्या डोळ्यांदेखत फोडले, त्यातले किती चांगले होते? कारखान्यामागच्या ढिगाऱ्यावर ते तुकडे अजून पडलेले असतील. याचं उत्तर कोणी देणार नाही.

सकाळी जलपाकडे गेलो. म्हटलं, ‘तुझा कान बरोबर आहे. माझा गेलाय.’ मला वाटलं होतं हे वाक्य बोलताना जीव जाईल. तसं काही झालं नाही. तिने खुर्ची दिली. म्हणाली, ‘काका, तुम्ही बोटांनीही तपासायचात म्हणतात. नग ठोकला की तळहाताला कसा लागतो ते शिकवा ना.’ अर्धा तास शिकवलं. तिच्या हातालाही जाण आहे.

उंच कमोड घरी आला. जेसिंगने बसवला. सिमेंट धरेपर्यंत चार दिवस पाणी सोडायचं नाही. कंकू तोवर वढवाणला.

३० जानेवारी, गुरुवार

सुरेंद्रनगरला कानाच्या डॉक्टरकडे. दोन्ही कान उतरलेत, डावा जास्त. बारीक, उंच आवाज आधी जातात म्हणाला. यंत्र बनून यायला तीन आठवडे.

तिथून दक्षाकडे गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘कंकूला यंत्र येईपर्यंत इथेच ठेवा. ती आत पडली, तिने हाक मारली, तर मला ऐकू येणार नाही.’ तिला घरी न्यायला मी महिनाभर धडपडलो आणि आता मीच नको म्हणत होतो. पण एकदा मोडलेलं हाड पुन्हा मोडलं तर?

महेंद्रकुमार म्हणाले, ‘बापूजी, खुशाल राहू द्या.’ दक्षाही तेच म्हणाली.

कंकूने आधी पदर खोचला. मग वॉकर ठोकून उठली. म्हणाली, ‘मी रविवारी घरी चालले आहे. कोणाला यायचं असेल तर या.’ हे मला यंत्राशिवाय ऐकू आलं.

२ फेब्रुवारी, रविवार

कंकू घरी आली. उस्मानने दाराला तोरण लावलं होतं, संडासाच्या. मी म्हटलं, काहीतरीच काय? तो म्हणाला, एवढ्या परीक्षा देऊन आलेला दुसरा कमोड आहे का थानमध्ये?

दक्षा आणि महेंद्रकुमार चहा घेऊन गेले. कंकूने घरभर फिरून माझी करपलेली भांडी बघितली आणि काही बोलली नाही, किंवा बोलली असेल. मग माठातून पेला भरून घेतला आणि तिथेच उभी राहून गटागट प्याली. दुसरा भरला. तोही प्याली. मला एवढं बरं वाटलं.

थोड्या वेळाने ती अंगणातून संडासाकडे निघाली. मी मागोमाग स्टूल घेऊन गेलो आणि दाराबाहेर ठेवलं. ती आत गेली, वळली, दाराला हात घातला आणि थांबली.

‘मी आतून हाक मारली तर?’

खरं तेच सांगितलं. ‘नाही ऐकू येणार.’

तिने एकदा अंगणाच्या फाटकाकडे बघितलं. मग दार पुढे ओढण्याऐवजी मागे ढकललं, पार भिंतीला लागेपर्यंत.

‘तिकडे तोंड करून बसा,’ ती म्हणाली.

‘तिकडे तोंड केलं तर तू काय बोलतेस ते कसं कळणार?’

तिने जरा विचार केला. लाजली. तोंडाला पदर लावून काहीतरी बोलली, खांदे हलत होते, म्हणजे हसत असावी.

मी म्हटलं, ‘पदर काढ. ओठ दिसत नाहीत.’

तिने पदर खाली घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.